राखलेलं मिठागर

“तू डोंगरावर जा, मी चुली चालू ठेवते,” असं पेरोनेल आपल्या भावाला म्हणाली होती. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि जेर्वे एकोणीसचा.

डोंगर म्हणजे मिशेल देवदूताचा डोंगर. ओहोटी लागली की समुद्र इतका मागे जातो, की तो पुन्हा येईल यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. मागे उरते राखाडी वाळू, आणि त्या वाळूत एकटा उभा असलेला तो खडक, माथ्यावर मठ घेऊन. त्या उन्हाळ्यात इंग्रजांच्या राजानं सगळी नॉर्मंडी घेतली. किनाऱ्यावरची गावं त्याची झाली. डोंगर तेवढा फ्रान्सच्या राजाकडे राहिला. चर्चमध्ये दवंडी झाली: जो इंग्रज राजाच्या निष्ठेची शपथ घेईल त्याचं घरदार, जमीन त्याच्याकडे राहील, जो डोंगरावर जाईल त्याचं सगळं जप्त.

जेर्वेला राहता येण्यासारखं नव्हतं. वाळू खरवडायच्या दाताळ्यानं त्यानं एका इंग्रज शिपायाचा जबडा मोडला होता. शिपायानं पेरोनेलचा हात धरला होता, म्हणून. वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मागे उरलं होतं ते मिठागर: वाळूचा एक पट्टा, गवतानं शाकारलेली खोप आणि खोपीत चुलीवर शेजारी शेजारी बसवलेल्या शिशाच्या तीन पसरट कढया. तीन पिढ्या त्यावर जगल्या होत्या.

“आणि तू शपथ घेणार? त्यांच्या राजाची?” जेर्वेनं विचारलं.

“मी काय घेईन ते तोंडानं घेईन. कढया हातात राहतील.”

“लोक काय म्हणतील ताई?”

“लोकसुद्धा घेणारच आहेत शपथ. तुझं पोट भरतील का ते?”

मग दोघांनी अंगठे कढईतल्या खाऱ्या पाण्यात बुडवले आणि एकमेकांच्या जिभेला लावले. मीठवाल्यांमध्ये करार असाच होतो. लढाई संपली की जेर्वे परत येईल, आणि मिठागर दोघांचं, अर्धं अर्धं. बोलायला इतकंच होतं. तो ओहोटीच्या पाण्यामागून चालत गेला, आणि तो वाळूवर ठिपक्याएवढा होईपर्यंत ती चुलीत काट्याकुट्या सारत राहिली.

लढाई एकतीस वर्षांनी संपली.

लढाई कशासाठी चालली होती हे तिला बेर्तलोनं सांगितलं. बेर्तलो म्हणजे शेजारच्या मिठागराचा म्हातारा. तेव्हाही तो म्हातारा होता, आणि शेवटपर्यंत तेवढाच म्हातारा राहिला.

“आजोळच्या इस्टेटीवरून भांडण आहे गं,” दाताळं ओढता ओढता तो म्हणाला. “फ्रान्सच्या राजाची लेक इंग्लंडात दिलेली. इकडे तिच्या भावांचा वंश बुडाला. तिचा पोरगा म्हणाला, आता आजोळचं राज्य माझं. इकडचे म्हणाले, बाईच्या बाजूनं राज्य जात नाही. झालं. तेव्हापासून नातवंडं, पतवंडं लढतायत.”

“त्या लेकीला कुणी विचारलं होतं?”

“ती कधीच मेली.”

“जिवंत होती तेव्हा तरी?”

बेर्तलो वाळूवर दाताळं टेकून हसला. “पेरोनेल, तुला नवरा मिळणं अवघड आहे.”

मिळाला. विगोर नावाचा, माळावरची काटेरी झुडपं तोडून चुलींना पुरवणारा. उंच, मवाळ आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा माणूस. दिवसभर त्याच्या हातात काटे मोडत आणि संध्याकाळी ती ते सुईनं काढी. ते सुखाचे दिवस होते असं ती कधी म्हणाली नाही. पण विगोरचा विषय निघाला की ती तळहात उताणा करून बघत असे.

मीठ बनवणं म्हणजे उन्हाळाभर वाकणं. लहान भरतीच्या दिवसांत, पाणी दूर असताना, उन्हानं वाळूवर पांढरी झाक येते. तेवढा थर खरवडायचा, ढीग घालायचे, मग ती वाळू पेंढ्यावर धुऊन खारं पाणी गाळायचं आणि कढयांत आटवायचं. पाणी पुरेसं खारं झालं का, हे बाकीचे मेणाची गोळी सोडून बघत; तरंगली तर झालं. पेरोनेल बोट बुडवून चाखत असे. त्यामुळे तिच्या जिभेला पुढे पुढे दुसरी कसली चव राहिली नाही. पाव ती नुसता चावायची.

वाळूचे ढीग पट्ट्याच्या कडेनं ओळीनं असत. सगळ्यांत टोकाचा ढीग डोंगराच्या बाजूला होता. त्या ढिगात पेरोनेल गोणी पुरायची: जवाचं पीठ, कांदे, चरबी, कधी वाळवलेली वाम. डोंगराला वेढा पडला होता आणि वर माणसं उंदीर खातात असं ऐकू येत होतं. ती हे भर दिवसा करायची. शेजारच्या तोंबलेनच्या खडकावर इंग्रजांची चौकी होती, त्यांना सगळी वाळू दिसायची. पण वाळूवर वाकलेल्या मीठवालीकडे कोण बघतं? ती वाकलेली असणारच. रात्रीच्या ओहोटीला जेर्वे येऊन गोणी नेई, आणि पुढच्या ओहोटीनंतर ढिगात रिकामी गोणी सापडे, चौघडी घातलेली. पेरोनेल आणि जेर्वेची आई तशी चौघडी घालायची, आधी लांबट, मग आडवी. लिहायला-वाचायला दोघांनाही येत नव्हतं. तेवढीच चिठ्ठी.

आठव्या वर्षी पेरोनेल तापानं पडली. गोणी भरलेली होती, ओहोटी लागली होती, आणि विगोर म्हणाला, “मी ठेवून येतो. त्यात काय आहे?”

त्यात वाकणं होतं. विगोर झुडपं तोडणारा. तो ताठ चालायचा. तो वाळूवरून ताठ चालत गेला, ढिगापाशी थांबला, मान वर करून तोंबलेनकडे बघितलं, मागे वळून किनाऱ्याकडे बघितलं, आणि मग खाली बसला. मीठवाला असा कधी बसत नाही. चौकीवरच्या शिपायांना घोडे काढायलाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जने गावच्या बाजारात उभं केलं. सगळा परगणा गोळा झाला. पेरोनेल अंगात ताप घेऊन आली. इंग्रज कप्तानानं दुभाष्याकरवी विचारलं की हा माणूस कुणाचा, आणि डोंगराला माल कुठल्या घरातून जात होता. घर सांगितलं की ते घर जाळलं जाणार, मिठागर जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मी कुणाचा नाही,” विगोर म्हणाला. “पीठ चोरलं. विकायला निघालो होतो.”

कप्तानानं पेरोनेलकडे बोट केलं. “हिचा नवरा म्हणतात तुला.”

विगोरनं तिच्याकडे पाहिलं. खांद्याकडे नाही, डोळ्यांत.

“माझा कोण?” पेरोनेल म्हणाली. “चोर आहे तो. माझ्या घरातलं पीठ नेलं त्यानं.”

कप्तान म्हणाला, ऐकू आलं नाही. तेव्हा तिनं ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. त्याच दुपारी विगोरला फाशी दिलं. तिसऱ्या दिवशी तिनं चुली पेटवल्या.

गावातल्या निम्म्या लोकांनी ते खरं मानलं. उरलेल्यांना खरं काय ते कळलं होतं, पण कळलेलं बोलायचे ते दिवस नव्हते. आणि न बोललेली गोष्ट वर्षानुवर्षं पडून राहिली की तिचंही खोट्यासारखंच वजन होतं. विहिरीवर बायका तिला पुढे होऊ देत. तो मान नव्हता.

पुढच्या गोणीत तिनं पिठावर विगोरचा कोयता ठेवला. रिकामी गोणी परत आली ती चौघडी घालून, आणि वरून काळ्या लोकरीच्या धाग्यानं बांधलेली. जेर्वेला कळलं होतं. आपल्याला कळलं आहे असं या जगात एका माणसानं तरी सांगितलं, एवढ्यावर तिनं पुढची तेवीस वर्षं काढली.

त्या वर्षांत खूप काही झालं आणि तिच्याबाबतीत काहीच झालं नाही. दोनदा रोगाची साथ आली. दाताळं ओढणारा घोडा मेला, मग ते तिनं स्वतः ओढलं. शिसं झिजलं, तेव्हा एकेक कढई वितळवून तिनं पुन्हा ओतली, त्याच मापाची. मूल झालं नाही. वेढा ढिला पडला तशा गोण्यांची गरज संपली, आणि चौघडीही यायची थांबली. बेर्तलो म्हणे, “कुणासाठी राबतेस एवढी? एक कढई विक, कोंबड्या घे.” ती म्हणे, “अर्धं माझं नाही, काका. दुसऱ्याचं कसं विकू?”

मग एका वसंतात इंग्रज गेले. ज्यांनी येताना ढोल वाजवले होते ते जाताना गाढवं हाकत गेले. तोंबलेनवर दुसरं निशाण लागलं. आणि आठ दिवसांनी, ओहोटीला, डोंगराकडून एक माणूस खेचरावर बसून आला. मागे दोन दांडगी मुलं चालत होती.

पेरोनेल कढईवरचा फेस काढत होती. तिनं झारा खाली ठेवला नाही.

“आलास?”

“आलो ताई.”

“जाड झालास.”

“तू वाळलीस.”

“इथं उष्णता असते.” तिनं मुलांकडे बघितलं. “हे तुझे? बसा रे. शिंपले शिजवलेत.”

जेर्वे जेवला. पहिल्या घासाला त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, “बाबांचं मीठ.” तेवढ्यानं तिला एकतीस वर्षांचं सगळं मिळालं. त्या दिवशी ती चुलीशी गुणगुणली, असं बेर्तलो सांगे. त्यानं तिला आधी कधी तसं ऐकलं नव्हतं.

तीन आठवडे बरे गेले. जेर्वे रोज येई. फ्रान्सच्या राजानं डोंगर राखणाऱ्यांना मान दिला होता. त्यालाही इंग्रजांबरोबर पळून गेलेल्या एकाचं मोठं मिठागर मिळालं होतं, आणि या किनाऱ्यावर राजाच्या हिश्श्याचं मीठ मोजून घ्यायचं काम मिळणार होतं. शिवाय नवा हुकूम होता: जे शपथ न घेता निघून गेले त्यांना त्यांची जुनी जमीन जशीच्या तशी परत. ज्यांनी शपथ घेतली त्यांना राजानं माफ केलं होतं. माफ झालेल्या माणसाला काय काय उरतं, हे हुकमात लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात जेर्वे मुलांना आणि एक गाडी घेऊन आला.

“ताई, तुला आता कष्ट कशाला? या कढया लहान आहेत. तिकडे मोठ्या ओततो, शिसं लागेल.”

“तुझी दीड कढई आहे.”

तो हसला. “अर्धी कढई कशी कापायची?”

“कापू नकोस. इथंच चालू दे. निम्मं मीठ ने.”

“ताई, हुकूम माझ्या नावानं आहे.”

“आणि अंगठे?”

जेर्वेनं मुलांना खूण केली. त्यांनी पहिल्या कढईखाली पहार घातली. तेव्हा पेरोनेलनं डोक्याचं फडकं सोडलं, वाळूत गुडघे टेकले आणि तीनदा ओरडली, “हारो! हारो! हारो! धावा, माझ्यावर अन्याय होतोय!”

ही हाक आमच्याकडे सहसा कुणी मारत नाही. मारली, की समोरच्यानं हातातलं काम सोडायचं. न्याय होईपर्यंत त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. मुलं डोंगरावर वाढलेली; ती पहार धरून बघत राहिली. जेर्वेचा हात मात्र चटका बसावा तसा कढईवरून मागे गेला. हात आधी गेला, राग मागून चेहऱ्यावर आला.

“माझ्यावर?” तो म्हणाला. “माझ्यावर हारो?”

सुनावणी जने गावच्या धान्याच्या कोठारात झाली. राजाचा अधिकारी लुआर नदीकडचा, तरुण, स्वच्छ नखांचा. त्याच्या शेजारी इथला जुना कारकून. तो इंग्रजांच्या काळातही कारकूनच होता.

“ही काय भानगड आहे?” अधिकाऱ्यानं त्याला विचारलं.

“हारो आहे साहेब. इथला रिवाज.”

“म्हणजे कुणीही ओरडलं की काम थांबतं?”

“थांबतं साहेब. खोटं ओरडलं तर शिक्षा होते.”

“मग तुमच्याकडे कामं होतात तरी कशी?”

लोक हसले. पेरोनेल हसली नाही. अधिकारी तिच्याकडे वळला. “ओरडलीस ती कुणाच्या नावानं? तुझा राजा तर गलबतात बसून गेला.”

“नावानं नाही ओरडले. राजे बदलत होते, ओरडायची रीत एकच होती.”

“जीभ चांगली आहे. काय म्हणणं आहे?”

तिनं सांगितलं. फार नाही. भावाला जीव वाचवायचा होता, मला मिठागर. त्यानं जायचं, मी राहायचं, असं ठरलं. माझी शपथ दोघांची होती. म्हणून अर्धं माझं.

“इथल्या रिवाजानं भाऊ असताना बहिणीला वारसा नाही,” कारकून कागदाकडे बघत म्हणाला.

“उत्तम रिवाज,” अधिकारी म्हणाला. “आमच्या राजाच्या घराण्यानं शंभर वर्षं याच तत्त्वासाठी रक्त सांडलं.”

“पण करार असला तर, साहेब,” कारकून म्हणाला, “भावानं मान्य केला तर, तो चालतो.”

म्हणजे सगळं एका माणसाच्या एका शब्दावर आलं. अधिकाऱ्यानं जेर्वेकडे पाहिलं. “ठरलं होतं असं? तू हिला इंग्रजांची शपथ घ्यायला सांगितलंस?”

जेर्वेनं टोपी हातात घेतली होती, ती तो कडेकडेनं फिरवत होता. हो म्हटलं तर ती शपथ त्याचीही होत होती. मग डोंगर राखल्याचा मान, मोठं मिठागर, मीठ मोजायचं काम, सगळ्यावर ती शपथ चढणार होती. हे पेरोनेलला दिसत होतं. तिला वाटलं, तरी तो म्हणेल. थोडं घुटमळेल आणि म्हणेल.

“नाही साहेब,” जेर्वे म्हणाला. “शपथ हिनं स्वतःहून घेतली. मी त्या दिवशी रडलो होतो.”

“आणि हे अंगठ्यांचं काय?”

“समुद्राकाठची पोरं खेळतात तसलं काहीबाही. लहान होतो आम्ही.”

“एकोणीस वर्षांचा होतास,” पेरोनेल म्हणाली.

“तुला विचारल्यावर बोल,” अधिकारी म्हणाला.

जेर्वे तिच्याकडे न बघता बोलत राहिला. एकदा सुरू झाल्यावर त्याला सोपं जात होतं. “साहेब, ही बाई कुणाच्या बाजूची होती ते माझ्या तोंडून कशाला? परगण्याला विचारा. डोंगराला पीठ पोचवताना एक माणूस पकडला गेला. हिचा नवरा होता तो. आमच्यासाठी मेला बिचारा. ही बाजारात उभी राहून म्हणाली, हा माझा कोणी नाही, चोर आहे. इंग्रजांसमोर. दोनदा म्हणाली.”

अधिकाऱ्यानं पहिल्यांदाच लेखणी खाली ठेवली. “कुणी ऐकलं होतं?”

लोक मागे सरकले. मग त्यानं बेर्तलोला पुढे बोलावलं, कारण तो सगळ्यांत म्हातारा होता.

“ऐकलंस?”

“साहेब, ती म्हणाली खरी, पण...”

“ऐकलंस की नाही?”

बेर्तलोच्या तोंडात ‘पण’ होतं. ते त्यानं बराच वेळ चघळलं. कोठाराच्या दाराशी जेर्वेची दोन मुलं उभी होती, आणि यापुढे किनाऱ्यावरचं मीठ जेर्वे मोजणार होता.

“ऐकलं,” तो म्हणाला.

कारकुनानं लिहिलं. पेरोनेल जेर्वेकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कढईतलं पाणी चाखताना ती जशी थांबायची, तशी ती थांबली होती. त्यानं सांगितलेल्यातला शब्दनशब्द खरा होता. ती दोनदाच म्हणाली होती.

अधिकारी आता मऊ आवाजात बोलला. राजा दयाळू आहे. हारो फेटाळली, पण खोट्या हाकेची शिक्षा माफ. मिठागर भावाचं. “पण तुझा भाऊ चांगला माणूस दिसतो. त्याला काही सांगायचंय.”

“मी बहिणीला उघड्यावर टाकणार नाही,” जेर्वे म्हणाला. आता त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे खरंच भरले होते. “ताई, तू माझ्याकडे राहा. नव्या मिठागरावर. चुलीशी बस, पाणी चाखून दे, तुझ्यासारखी जीभ कुणाची आहे? जेवणखाण, छप्पर, मरेपर्यंत. घरच्यासारखी राहशील.”

लोकांत बरं वाटल्याची कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, भाऊ असावा तर असा. कारकुनानं लेखणी शाईत बुडवली.

“मान्य आहे, एवढं म्हण,” तो हळूच म्हणाला. “लिहून टाकतो, बाई. म्हण.”

पेरोनेलनं हाकेच्या दिवशी सोडलेलं फडकं पुन्हा डोक्याला बांधलं. गाठ मारायला तिला वेळ लागला. बोटं वाकलेली होती. सगळे थांबले. मग ती वळली, माणसं आपोआप बाजूला झाली, आणि बेर्तलोच्या अगदी जवळून, त्याच्याकडे किंवा कुणाकडेच न बघता, ती कोठाराच्या दारातून बाहेर चालत गेली.